शेवटचा हात

नाशिक रोड,
रविवार

प्रिय भाचेबुवा,


तुझे फोटो मिळाले, आणि त्यांच्यासोबत पाठवलेला त्रागाही पोचला. दाजींच्या पद्मिनीसाठी नाना पेठेतून आणलेला सगळा माल डुप्लिकेट आणि फालतू आहे, असा निकाल देऊन तू मोकळा झालास. किंगपिन बुशात शिरत नाही, मागच्या पाट्याच्या डोळ्यात बुश सैल फिरतं, आणि नवे पाटे चढवल्यापासून गाडी ढुंगण वर करून उभी आहे. तीन तक्रारी आणि आरोपी एकच, दुकानदार. पण मला या तिन्हींची कारणं वेगवेगळी दिसतात, आणि पहिली तर तक्रारच नाही.

किंगपिन बुशात शिरत नाही, कारण ती तशी शिरायचीच नसते. सेटमधल्या बुशाचं भोक मुद्दामच लहान ठेवलेलं असतं. बुश त्याच्या घरात दाबून बसवलं की ते जरासं आवळतं, आणि किती आवळेल ते त्या घराच्या झिजेवर ठरतं. शिवाय वरचं बुश आणि खालचं बुश एका रेषेत आलं पाहिजे. म्हणून दोन्ही बुशं आधी दाबून घ्यायची आणि मग दोन्हींतून एकाच वेळी जाणारा लांब रीमर मारायचा. हात जपून चालवायचा, मधेमधे पिन घालून बघायची. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबानं सरकली पाहिजे, पण आडवी हलवली तर हलता कामा नये. दाबण्याआधी बुशातलं ग्रीसचं भोक आणि निपलचं भोक समोरासमोर आहेत ना, तेवढं बघून घे. ते चुकलं तर वरून कितीही ग्रीस मार, आत बुश कोरडंच राहणार. एखादा मिस्त्री म्हणाला, ‘पिनेला जरा पॉलिश पेपर मारतो, बसेल,’ तर पिन खिशात घाल आणि तिथून निघ. पिनेचा पृष्ठभाग कडक करून ग्राइंड केलेला असतो. खायचं ते पितळेच्या बुशाचं, पिनेचं कधीच नाही.

किंगपिनचं एवढं सांगितलं, कारण बाकीचं सगळं त्यावरूनच कळतं. हा भाग कारखान्यातून नेहमी अर्धवटच यायचा. त्याच्यावर शेवटचा हात फिरवायचं काम बसवणाऱ्याचं, हे गृहीतच होतं. आता तुझ्या गाडीचे जवळजवळ सगळेच भाग तसे झालेत, फक्त पाकिटावर कोणी तसं छापत नाही.

असं का झालं, तेही ऐक. फियाट ११०० ची ही पिढी १९६४ पासून कुर्ल्याला ‘डिलाइट’ नावानं तयार व्हायला लागली, १९७४ साली तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं, आणि नवं शतक उजाडता उजाडता उत्पादन आटोपलं. पण मुंबईत हजारोंनी टॅक्स्या धावत होत्या, तोवर स्पेअरची ददात नव्हती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली आणि मोठं गिऱ्हाईक संपलं. उरले तुझ्यासारखे हौशी. मग एखादा कारखानदार एक जुना भाग नमुना म्हणून समोर ठेवतो, त्याची मापं घेतो आणि शे-दोनशे नग काढतो. शिंप्याकडे जुना सदरा मापाला टाकला, तर तो त्याची ताणलेली कोपरंही इमानानं शिवून देणार. इथंही तेच घडतं. नमुन्याची झीज नव्या मालात उतरते.

झीज उतरते हे निदान दिसतं तरी. खरा घोळ त्याच्याही पुढचा आहे. माझं आयुष्य इन्स्पेक्शन खात्यात गेलं, म्हणून सांगतो. ड्रॉइंगवर माप असतं आणि त्याच्या शेजारी इतकं कमी चालेल, इतकं जास्त चालेल, अशी सूटही लिहिलेली असते. त्या सुटीवरच आम्ही ‘गो, नो-गो’ गेज लावून माल पास करायचो. नमुन्यावरून माप मिळतं, सूट मिळत नाही. बनवणारा मग ती स्वतःच्या अंदाजानं ठरवतो. पाटेवाल्याचा अंदाज एक आणि बुशवाल्याचा दुसरा. आपापल्या जागी दोघंही प्रामाणिक, पण दोघांचा माल तुझ्या दारात पहिल्यांदा भेटतो.

तुझं सैल बुश हे त्यातलंच प्रकरण असावं. बुशाची बाहेरची स्लीव्ह डोळ्यापेक्षा काही शतांश मिलिमीटर मोठी हवी, तरच ती दाबून पक्की बसते. पाट्याचा डोळा म्हणजे मुख्य पानाचं तापवून वळवलेलं टोक. तो दिसायला गोल असतो, पण दर वेळी गोल असतोच असं नाही. तेव्हा व्हर्नियर नुसता तोंडाशी टेकवून भागणार नाही. आत दोन ठिकाणी माप घे, प्रत्येक ठिकाणी उभं आणि आडवं. उभं-आडवं जुळलं आणि डोळा बुशापेक्षा मोठा निघाला, तर लेथवाल्याकडून डोळ्याच्या मापाची स्लीव्ह करून घे. उभ्या-आडव्यात लक्षात येण्याजोगा फरक पडला तर पाटा परत कर. मधे पत्र्याची पट्टी सारायचा सल्ला तुला नक्की मिळेल. ती चार खड्ड्यांत बाहेर येते. त्याहून वाईट सल्ला वेल्डिंगच्या टाक्याचा. स्प्रिंगच्या पोलादाला असा टाका लागला की त्याच्या आजूबाजूचा भाग ठिसूळ होतो, आणि पुढे पान तिथूनच तडकतं. आतलं रबर जळतं ते वेगळंच.

आता वर उचललेल्या बुडाचं. फोटोत एक गोष्ट मला आधी दिसली. गाडी जॅकवर आहे, मागची चाकं लोंबकळतायत, आणि तुझा पान्हा शॅकलच्या नटावर आहे. म्हणजे बोल्ट तिथंच आवळून टाकलेस. रबरी बुशात आतली नळी घट्ट धरलेली असते आणि हालचाल रबराच्या पिळातून होते. चाकं लोंबकळताना ती नळी आवळलीस, तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि मागचा भाग वर ढकलत बसतं. रोजची हालचाल त्या पिळावर आणखी चढते आणि काही महिन्यांत रबर नळीपासून एका बाजूनं फाटत जातं. म्हणून सगळे बोल्ट सैल कर, गाडी चाकांवर उतरव, डिकीवर जोर देऊन चार वेळा खालीवर कर आणि मग आवळ. थोडी उंची तिथंच उतरेल.

तरीही बूड वरच राहिलं, तर पानं मोज. टॅक्सीवाले मागच्या पाट्यात जादा पान चढवून घ्यायचे. डिकीत सीएनजीची जड टाकी, टपावर कॅरिअर, आत चार माणसं, एवढं ओझं असायचं. बाजारात जुळणी त्याच मागणीची झालेली. तसले पाटे दाजींच्या रिकाम्या गाडीखाली आले तर ती बसणार कशी? प्रत्येक पानाची जाडीही बघ. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागी साडेसहा आलं, तर डोळ्यांना काही कळत नाही, पण पान सत्तावीस टक्के ताठ होतं. अशा वेळी जादा पान काढून जुळणी पुन्हा करून घे.

उंचीचा निकाल लागेपर्यंत नवे शॉकअप चढवू नकोस. बूड वर असलं की शॉकअप ताणलेलाच उभा राहतो आणि प्रत्येक खड्ड्यानंतर त्याचा दांडा आतल्या टोकावर आदळतो. मग सील जातं, तेल गळतं आणि ‘माल खराब’ म्हणून दुकानदाराला शिव्या पडतात. शॉकअप पूर्ण दाबून आणि पूर्ण ओढून दोन्ही लांब्या घे, मग गाडी चाकांवर असताना वरच्या-खालच्या जागांमधलं अंतर मोज. ते अंतर दोन्ही लांब्यांच्या साधारण मधे यायला हवं. नळीत बसणारी रबरं ग्रीस लावून सारू नकोस, खनिज तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरे.

दुकानदाराशी भांडण नको. महिन्याकाठी एखादं पद्मिनीचं गिऱ्हाईक, त्यासाठी तो माल गाळ्यात ठेवतो हेच पुष्कळ. पुढच्या वेळी जुना भाग आणि व्हर्नियर बरोबर ने आणि मापं काउंटरवरच घे. काढलेले भाग भंगारात घालू नकोस. झिजलेल्या भागावरही न झिजलेली जागा कुठंतरी शिल्लक असते, आणि मूळ माप कळायला तुझ्याकडे तेवढाच आधार आहे.

आधी बोल्टांचं काम कर, मग डोळ्याची मापं आणि पानांची संख्या व जाडी मला कळव. किंगपिनसाठी रीमर माझ्या ओळखीच्या टूलरूमवाल्याकडे आहे, पुढच्या महिन्यात येताना घेऊन येतो. अलाइनमेंटला गाडी त्यानंतरच न्यायची, आधी नेलीस तर पैसे वाया. ताईला सांग, मी दोन दिवस राहणार आहे आणि दोन्ही दिवस माझे कपडे काळे होणार आहेत.

तुझा,
मामा