दोन दिवसांचा खड्डा

पवनारचं मामाचं मातीचं घर पाडलं तेव्हा भिंतीतून ढेकळांबरोबर खापरं गळत होती. मामाला त्याचं नवल नव्हतं. गावठाणाची पांढरी, म्हणजे वस्तीची माती, खणायची आणि तिच्याच भिंती घालायच्या, ही तिथली जुनी रीत. मी पुरातत्त्व शिकत होतो, म्हणून हळहळलो. भिंतीत चिणलेलं खापर कितीही जुनं असो, ते कोणत्या थरातलं हे कळायला मार्ग उरत नाही.

नव्या स्लॅबच्या घरासाठी कॉलमचे नऊ खड्डे घ्यायचे होते. मी म्हटलं, "मामा, एक खड्डा दोन दिवस तसाच ठेवाल?"

"गड्ड्यात काय पाह्यतं बे? ठेवतो. पण काही निघालं तर कोणाले सांगू नोको. सरकार जागा घेईन."

ही भीती गावोगाव आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरच्या मोलाचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक कळवत नाहीत, बुजवतात. इंग्लंडात बांधकामाआधी अनेक ठिकाणी चाचणी चर घेतले जातात आणि खर्च बांधणारा सोसतो. आपल्याकडे संरक्षित स्मारकांच्या हद्दीबाहेरच्या साध्या घराला तशी सक्ती नाही. आमचा चाचणी चर म्हणजे हा कॉलमचा खड्डा.

आणि गाव तर पवनार! वा. वि. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ते हेच, असं मांडलं. १९३८ साली विनोबा इथे राहायला आले, आणि आश्रमाच्या जमिनीत खोदताना भरतभेटीचं शिल्प निघालं. १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे इथे रीतसर उत्खनन केलं.

उत्खननाला परवाना लागतो, म्हणून मी खणलं काहीच नाही. मजुरांनी खोदलेल्या खड्ड्याची एक बाजू खुरपीनं तासली, पाणी शिंपडलं आणि आलेखाच्या कागदावर उतरवत बसलो. वर विटांचे तुकडे आणि चुना. खाली शेणानं सारवलेल्या जमिनी, एकीवर एक, पापुद्र्यांसारख्या. त्याखाली राखेचा काळा पट्टा. मध्येच मातीचा रंग बदलला होता. ते मला दिसलं नाही, घमेलं उचलणाऱ्या मावशींना दिसलं. "इथं कोणी आधीच गड्डा केलता, भाऊ. माती भुसभुशीत लागते." खरंच, नंतरच्या कोणीतरी जुन्या जमिनी फोडून उकिरडा केला होता. वरच्या थरात खालची जुनी खापरं कशी आली, याचं उत्तर त्यात होतं. मावशींचं बोट नसतं तर मी त्या वरच्या थराचा काळ चुकवला असता.

सात फुटांवर खड्डा संपला. पांढरी संपली नव्हती. तिच्याखालची काळी, म्हणजे माणूस यायच्या आधीची जमीन, दिसलीच नाही. पुरातत्त्वाचा चर प्रश्न संपेपर्यंत जातो, कॉलमचा खड्डा इंजिनिअरनं सांगितलं तेवढाच. तिसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट पडलं. बाकीचे आठ खड्डे मी फक्त मातीचे ढीग म्हणून पाहिले.

जागा कोणी घेतली नाही. पुढच्या वर्षी मामाचा फोन आला, "शेजारचे पाया खोदून राह्यले. येतं काय?"

या वेळी एकच दिवस मिळाला. मी आधी मावशींना निरोप धाडला.