जायफळाची कॉफी

आमच्या सौ.चे माहेर बेळगावचे. तिकडे पाहुणा आला की चहा घेणार की कॉफी असे विचारण्याची रीत, आणि पाहुणा जरा मानाचा असेल तर न विचारताच कॉफी. लग्नानंतर ती सुरतेला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत जायफळ उगाळायची एक छोटी सहाण होती. आमचे घर खानदेशी, चहाचे. माझ्या आईने ती सहाण पाहून "बाळंतपणाला अजून वेळ आहे गं," असे म्हटल्याचे आमच्याकडे अजून सांगतात. पण दुपारी चार वाजता एक कप जायफळ घातलेली कॉफी, एवढा एक हट्ट तिने पहिल्या दिवसापासून चालवला. बाकी सगळे तिने सुरतेचे करून घेतले. गुजराती बोलायला ती माझ्या आधी शिकली, लोचो खायला लागली, थंडीत पोंक आला की "हा तर आपला हुरडाच" म्हणून तापीकाठच्या गाड्यांवर मला घेऊन जाऊ लागली.

तसे पाहिले तर कॉफी सुरतेला परकी नाही. सतराव्या शतकात इथली गलबते तांबड्या समुद्रातल्या मोखा बंदराला नेमाने जात, कापड देऊन येत. हजला निघालेल्या यात्रेकरूंसाठी १६४४ साली बांधलेली मुघल सराई अजून उभी आहे. तिथे आता महानगरपालिकेची कचेरी आहे आणि मी शाळेच्या कामासाठी तिच्या पायऱ्या पुष्कळ झिजवल्या आहेत. सर टॉमस रो या इंग्रज वकिलाबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. तो १६१६ साली सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात उतरला. या देशातली धर्मनिष्ठ माणसे मद्याऐवजी एक काळे बी पाण्यात उकळून पितात, असे त्याने लिहून ठेवले आहे, आणि ते पेय पचनाला चांगले असा शेराही मारला आहे. त्याचे पुस्तक १६५५ साली छापले गेले. हे सगळे मी वर्गात रंगवून सांगत असे. आणि याच मी माझ्या घरातली कॉफी बंद केली.

झाले असे. चार वर्षांपूर्वी सौ.च्या पायांत रात्री गोळे येऊ लागले. पोटरी दगडासारखी व्हायची, ती उठून भिंत धरून उभी राहायची आणि मी तेल चोळत बसायचो. पुढे बोटांना मुंग्या येऊ लागल्या. डोळ्याची पापणी लवायची. "डावा आहे, बायकांना डावा चांगला," असे म्हणून तिने तो विषय हसण्यावारी नेला. त्याच सुमारास कोणीतरी मला मोबाईलवर एक मजकूर पाठवला : कॉफी शरीरातले मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर काढते, त्याने पायांत गोळे येतात. मला तो अगदी पटला. मी मराठीचा एम. ए. छापलेल्या अक्षराला, मग ते काचेवर का उमटेना, मान द्यायची आमची सवय. शिवाय मुख्याध्यापक. मी फर्मान काढले.

तिने वाद घातला नाही. सहाण धुऊन माळ्यावर ठेवली. दुपारी चार वाजता ती नुसती खुर्चीवर बसलेली दिसायची, हातात काही नाही. ते मी पाहिले, पण तब्येतीपुढे चोचले कशाला, असे मनाशी म्हणून गप्प राहिलो. कधी संध्याकाळी मन राखायला तिला कोल्ड कोको प्यायला नेई. सुरतेबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे, दुधात कोको शिजवून, दाट करून, गार करून इथे रात्री उशिरापर्यंत विकतात आणि लग्नाच्या पंगतीतही तो असतो. त्यातही थोडे कॅफीन असतेच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

अकरा महिने असे गेले. गोळे कमी झाले नाहीत, वाढले. एका पहाटे तिच्या हाताची बोटे आखडून चोचीसारखी झाली ती सुटेनात. रिक्षातून दवाखान्यात नेताना ती मला एकच म्हणाली, "अहो, आता काय बंद करायचं राहिलं?"

डॉक्टरांनी रक्त तपासले. मॅग्नेशियम खरोखरच कमी निघाले, आणि त्यापायी कॅल्शियमही उतरलेले. मी लगेच म्हणालो, "कॉफी तर केव्हाच सोडली." ते म्हणाले, "कॉफी जाऊ द्या साहेब. गोळ्या कोणत्या घेतात ते सांगा." मी पिशवी पुढे केली. त्यात पित्ताची गोळी होती, ओमेप्राझोलच्या कुळातली. सकाळी अनशापोटी एक. कोणे एके काळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली, आणि आम्ही औषधाच्या दुकानातून ती सहा वर्षे आणत होतो. आणणारा मीच. महिन्याच्या यादीत डाळ, साखर, तेल यांच्या खाली तिचे नाव माझ्याच अक्षरात असे.

या गोळ्या वर्ष वर्ष घेतल्या तर काही जणांच्या आतड्यातून मॅग्नेशियम शोषले जाणे मंदावते. अमेरिकेच्या औषध खात्याने २०११ सालीच तसा इशारा दिलेला आहे. त्यांनी पाहिलेल्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्शात नुसते मॅग्नेशियम देऊन भागले नाही, ती गोळी थांबवावी लागली. सौ.चीही बदलली. आपण होऊन गोळी तोडू नका, ज्यांना तिची खरी गरज असते त्यांना असतेच, हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावले. मी दुसरे एखादे फर्मान काढीन अशी त्यांना धास्ती वाटली असावी. पंधरा दिवसांत मुंग्या गेल्या, महिन्यात गोळे.

मग कॉफीचे काय? मी आमच्या विज्ञानाच्या सरांना गाठले. त्यांनी मधल्या सुट्टीत फळ्यावर हिशेब मांडला. मोठ्या माणसाच्या अंगात मॅग्नेशियम असते सुमारे पंचवीस ग्रॅम. निम्म्याहून अधिक हाडांत, बाकीचे बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. रक्तद्रवात शंभरातला एक हिस्साही नाही. त्यामुळे साठा बराच रिता झाला तरी रक्ताचा अहवाल कधी कधी ठीकठाक दिसतो. रोजची गरज चारशे मिलिग्रॅमच्या आसपास, बायकांना थोडी कमी. कॅफीनमुळे मूत्रपिंड मॅग्नेशियम परत ओढून घेण्यात जरा ढिलाई करते हे खरे, मोबाईलवरचा मजकूर अगदीच खोटा नव्हता. पण एका कपामागे जाते ते काही थोडे मिलिग्रॅम, आणि मोठ्या कपभर काळ्या कॉफीतच सात मिलिग्रॅमच्या आसपास असते. शिवाय ही दुधातली. "सर," ते म्हणाले, "मैद्याने जास्त नुकसान होतं." गव्हाचा मैदा करताना त्यातले बहुतेक मॅग्नेशियम कोंड्याबरोबर जाते. उलट तिळात शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅम, आणि ज्वारी, बाजरी, शेंगदाणे, हरभरा यांतही भरपूर. कोको पावडरीत तर शंभर ग्रॅमला पाचशेच्या घरात. म्हणजे कोल्ड कोको पाजून मी नकळत थोडी भरपाई करत होतो. एवढेच काय ते माझ्या पदरात.

कॉफी जे अडवते ते मुख्यतः लोह. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले. सौ.चे हिमोग्लोबिन तसे बेताचेच. पण तिची वेळ मुळात चारची. जेवण एकला, कॉफी चारला. माहेरची शिस्त.

दवाखान्यातून आल्यावर आठ दिवसांनी मी माळ्यावरून सहाण काढली. ती झोपली होती. मी दूध तापवले, कॉफी टाकली, जायफळ उगाळले आणि चारच्या ठोक्याला कप नेऊन दिला. तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "जायफळ इतकं घालतात होय? झोपच लागायची." मी म्हटले, "टाकून दे, दुसरी करतो." तिने कप उचलला. मला टाकू दिला नाही, आणि मी कशासाठी आठ दिवस थांबलो होतो तेही विचारले नाही.

महिन्याची यादी आता तीच लिहिते.