श्वास कोण घेतो ?

संध्येंतील प्राणायाम आम्ही मुंजीपासून करीत आलों. पूरक, कुंभक, रेचक हे शब्द जिभेवर होते. परंतु पूरक करणारा कोण, हें विचारण्याची बुद्धि साठी उलटेपर्यंत आम्हांस झाली नाहीं. फुप्फुसें आपण होऊन फुगतात व बरगड्यांना वर ढकलतात, असा आमचा समज. आणि शाळेंत पुष्कळ वर्षें आम्हीं मुलांना तेंच सांगितलें.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या कुटुंबास दम्याचा झटका आला. पलंगाच्या कडेवर दोन्ही हात टेकून ती बसली होती. मानेंत दोऱ्या ताणाव्या तशा शिरा ताठ झालेल्या. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, या शिरा नव्हेत, स्नायू आहेत. एरवीं ते या कामांत फारसे पडत नाहींत. आज त्यांना बोलवावें लागलें."

ती बरी झाल्यावर त्यांनींच आम्हांस सर्व समजावून दिलें. फुप्फुसांत स्वतःला फुगविणारा स्नायूच नाहीं. छाती व उदर यांच्यामध्यें घुमटासारखा एक पातळ स्नायू असतो, तें श्वासपटल. तें आकुंचन पावलें कीं एकदोन सेंटिमीटर खालीं उतरतें, बरगड्यांमधले स्नायू बरगड्या वर व बाहेर उचलतात, पोकळी वाढते आणि सुमारें अर्धा लिटर हवा आंत येते. छाती मोठी होते म्हणून हवा शिरते. हवा शिरते म्हणून छाती मोठी होते असें नव्हे! इंग्लंडांत जॉन मेयो यानें १६६८ सालींच हें लिहून ठेविलें होतें. स्वस्थपणीं रेचकास तर कष्टच नाहींत. स्नायू सैल पडले कीं ताणलेलें फुप्फुस आपोआप आखडतें. दम्यांत नेमका तोच रेचक कठीण होतो, हवा आंत कोंडते, घुमट सपाट होऊन बसतो आणि भार मानेवर येतो.

श्वासपटल उतरतांना पोटांतील अवयव दाबले जातात, म्हणून पोट पुढें येतें. हें ऐकतांना आम्हांस एक मुलगा आठवला. कवाइतीच्या तासास दीर्घ श्वास घेतांना त्याचें पोट फुगे. 'छाती पुढें, पोट आंत!' असें आम्ही त्याच्यावर ओरडलों, आणि अखेर त्यास पुढें उभें करून साऱ्या वर्गास हंसविलें. तो बरोबर श्वास घेत होता. पुढें तो नुसते खांदे उडवी.

हल्लीं सायंकाळीं ती पोटावर तळहात ठेवून श्वासाचा अभ्यास करते. आम्ही समोर बसून मोजतों. हात वर आला कीं 'शाबास' म्हणतों. ती म्हणते, "शाळेंतला आवाज नको."