उणे ६०८५

ऑपरेटिंग सिस्टीम नव्या प्रोसेसरवर पोर्ट करायची म्हणजे ढीगभर कोड लिहायचा, असा समज आहे. प्रत्यक्षात लिहायचं थोडंच असतं, वाचायचंच फार. जुन्या कोडने हार्डवेअरकडून काय काय न विचारताच गृहीत धरलंय, ते हुडकून काढायचं. प्लेस्टेशन २ वर लिनक्स चढवायच्या नादात मला याची गोडी लागली, कारण त्या यंत्राचा प्रोसेसर ही गृहीतकं एकेक करून उघडी पाडतो.

२००० साली जपानात आलेल्या या यंत्राच्या पोटात सोनी आणि तोशिबा यांनी मिळून केलेलं 'इमोशन इंजिन' आहे. त्याचा गाभा आर५९००, मिप्स घराण्यातला. वेग साधारण २९५ मेगाहर्ट्‌झ, मेमरी ३२ एमबी, आणि रजिस्टरं चक्क १२८ बिटांची. गेम लिहिणाऱ्याची चंगळच. आमच्या दृष्टीने मात्र नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. डबल प्रिसिजनचं गणित हार्डवेअरमध्ये नाहीच. अनंत नाही, 'ही संख्याच नव्हे' असं सांगायची सोयही नाही. शून्याने भागलंत तर मावेल तेवढी मोठी संख्या हातात ठेवून मोकळा होतो. राक्षस उडवताना याने कुणाचं काही बिघडत नाही, गणिताच्या लायब्ररीचं बिघडतं. अपूर्णांकांचं सगळं गणित सरळ सॉफ्टवेअरकडून करून घ्यावं, या मताचा मी आहे. वेळ लागतो, पण उत्तर बरोबर येतं.

लॉक घेण्यासाठी लागणारी एलएल-एससी ही इन्स्ट्रक्शनांची जोडीही इथे गायब. कर्नलचं स्वतःचं भागतं: प्रोसेसर एकच, इंटरप्ट बंद केले की झालं. साध्या प्रोग्रामने एलएल म्हटलं की ट्रॅप होतो आणि कर्नल ती भूमिका स्वतः वठवतो. एलएल कुणी केलं हे लक्षात ठेवतो, आणि मध्ये दुसऱ्या कुणाची पाळी येऊन गेली असेल तर एससीला नापास करतो.

खरी गंमत आरडीएचडब्ल्यूआर नावाच्या इन्स्ट्रक्शनची. मिप्सवरच्या लिनक्समध्ये थ्रेडला आपला खासगी डेटा कुठे आहे हे विचारायचं असलं की तो ही वापरतो. नवे मिप्स प्रोसेसर स्वतः उत्तर देतात. जुन्यांना ती ठाऊक नसते. ते 'अशी इन्स्ट्रक्शन नाही' म्हणून ट्रॅप करतात आणि उत्तर कर्नल देतो. ठाऊक नाही म्हणण्याचा प्रामाणिकपणा प्रोसेसरकडे असेल, यावर सगळी मदार.

आर५९०० ला वाटतं आपल्याला ठाऊक आहे! तेच ३२ बिट त्याच्या लेखी एसक्यू ही इन्स्ट्रक्शन आहेत: तिसऱ्या रजिस्टरमधले १२८ बिट उणे ६०८५ या पत्त्यावर लिही. म्हणजे विचारला प्रश्न, आणि याने ऐकला हुकूम. ६०८५ ला १६ ने भाग जात नाही, तेव्हा निदान त्यावरून तरी तक्रार होईल असं वाटतं. नाही होत, एसक्यू पत्त्याचे शेवटचे चार बिट गुपचूप टाकून देते. तारणारी गोष्ट वेगळीच आहे. पत्ता शून्यापासून मागे मोजलेला असल्याने तो अवकाशाच्या अगदी वरच्या टोकाला, कर्नलच्या हद्दीत पडतो. तिथे प्रोग्रामला मज्जाव, म्हणून ॲड्रेस एरर येते. त्या एररच्या हँडलरमध्ये बघायचं, इन्स्ट्रक्शन नेमकी हीच आहे का. असेल तर तिसऱ्या रजिस्टरमध्ये खरं उत्तर ठेवून प्रोग्रामला पुढे जाऊ द्यायचं. इतका सुंदर योगायोग मी दुसऱ्या कुठल्या चिपवर पाहिलेला नाही.

एका बाबतीत मात्र योगायोगही मदतीला येत नाही. सहा किंवा त्याहून कमी इन्स्ट्रक्शनांचा लूप काही विशिष्ट परिस्थितीत एकदा-दोनदा फिरून संपतो. चिपमधलाच दोष. कर्नलमधला वेळ काढायचा लूप मिप्सवर असतो दोन इन्स्ट्रक्शनांचा, म्हणजे अगदी याच्या तावडीतला. उपाय साधा: लूपच्या शेवटच्या ब्रँचमागे उपयोगाची इन्स्ट्रक्शन न ठेवता एक रिकामी नॉप ठेवायची. जीसीसीच्या नवव्या आवृत्तीपासून (२०१९) 'फिक्स-आर५९००' हा पर्याय दिला की कंपायलरच ते करतो. हाताने लिहिलेल्या असेंब्लीत मात्र प्रत्येक लूप डोळ्यांखालून घालावा लागतो.

कीबोर्ड, डिस्क वगैरे सगळं दुसऱ्याच प्रोसेसरच्या ताब्यात आहे, मूळ प्लेस्टेशनच्या. त्याची मेमरी २ एमबी, आणि यूएसबीचा डेटा आधी तिथेच उतरतो. ते काम किचकट आहे, पण त्यात चकवा नाही.

माळ्यावर जुनं यंत्र असेल आणि हात शिवशिवत असतील, तर एक करा. कर्नल बूट करायच्या आधी तो ऑब्जडंपमधून काढा आणि छोटे लूप शोधून त्यांच्या शेवटी नॉप आहे का ते बघा.