ऊद आणि संत्र्याची साल

आमचा धाकटा दुबईत नोकरीला आहे. तेल अवीवहून दुबईची विमाने 2020 साली सुरू झाली. प्रवास जेमतेम साडेतीन तासांचा. म्हणून बाबांच्या वर्षाच्या हश्काबाला तो येईल, असे आम्ही धरून चाललो होतो. तो आला नाही. एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर उदाच्या अत्तराची बाटली तेवढी आली. आम्ही ती रागाने कपाटात टाकली.

पुढल्या शब्बाथला हबदाला झाली, कुंडीतला सब्जा हुंगून झाला, तशी आई म्हणाल्या, "पोराने पाठवलंय ते काढा की."

रुमालावर दोन थेंब टाकले. पहिला वास संत्र्या-लिंबाच्या सालीचा. सुखोथच्या आधी बाजारात एथ्रोग निवडताना येतो, तसाच ताजा.

"हा कसला ऊद? आपला ऊद असा नसतो," आई म्हणाल्या.

त्यांचे खरेच होते. कोकणात आपण निखाऱ्यावर घालत होतो तो ऊद म्हणजे झाडाचा डिंक. अरबांचा ऊद म्हणजे अगरूचे लाकूड. ही झाडे आपल्या आसामातही होतात. निरोगी झाडाच्या लाकडाला फारसा वास नसतो. झाडाला जखम होऊन आत बुरशी शिरली, की ते स्वतःला वाचवायला राळ तयार करते. लाकूड काळे, जड होते, आणि मोल त्या काळ्या लाकडालाच.

अर्ध्या तासात संत्रे उडून गेले. सालीचे तेल हलके, ते थांबत नाही. मागे लाकूड राहिले: उग्र, थोडे औषधी. आम्ही नाक मुरडले. आई मात्र रुमाल सोडीनात.

"यांच्या पेटीतून कोट काढला, की अस्साच वास यायचा."

बाबांनी अलिबागहून आणलेली ती पेटी केव्हाच मोडीत गेली. ती आम्ही विसरलो होतो.

सकाळी रुमाल आईंच्या उशाखाली होता, आणि वास तसाच होता. आम्ही दुबईला फोन लावला. त्याने पहिले विचारले, "आजीला आवडलं का?" मग जरा थांबून म्हणाला, "मला रजा दिली नाही."

एवढे साधे कारण. पण ते आम्ही त्याला विचारलेच नव्हते.