नव्वद दिवसांची मुदत

संकेतस्थळाला एचटीटीपीएस बसवणं आता अर्ध्या तासाचंही काम राहिलेलं नाही. सर्व्हरवर सर्टबॉट हा प्रोग्रॅम टाकला, डोमेनचं नाव दिलं, की लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेट येतं, आणि तेही फुकट. डिसेंबर 2015मध्ये ही सेवा सर्वांसाठी खुली होण्याआधी पैसे भरा, अर्ज करा, पडताळणीची ईमेल शोधा, आलेल्या फायली हाताने योग्य जागी ठेवा, असा सगळा व्याप असे. तो गेला हे फार चांगलं झालं. पण त्यासोबत एक समजूतही पक्की झाली, की सर्टिफिकेट बसलं म्हणजे काम संपलं. मला ती साफ चुकीची वाटते. लेट्स एन्क्रिप्टनं सुरुवातीपासून मुदत ठेवली ती 90 दिवसांची. अनेकांना ही फुकट मालाला लावलेली अट वाटते. मला मात्र या साऱ्या रचनेतला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय तोच वाटतो, आणि म्हणून एखाद्याचं काम जोखायचं तर मी ते सर्टिफिकेट रिन्यू कसं होतं यावरून जोखेन.

सर्टिफिकेट एवढंच सांगतं, की या डोमेनची ही सार्वजनिक की आहे आणि आम्ही ते तपासलं आहे. हा दाखला खोटा ठरण्याचे दोन मार्ग आहेत. एक, दाखला देणाराच फसतो. 2011मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या कंपनीत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाची बनावट सर्टिफिकेटं निघाली आणि इराणमधल्या जीमेल वापरणाऱ्यांवर ती वापरली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. आपल्याकडेही जुलै 2014मध्ये नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या यंत्रणेतून गूगलच्या डोमेनसाठी अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं होतं. दुसरा मार्ग म्हणजे खासगी की बाहेर फुटणं. एप्रिल 2014मध्ये हार्टब्लीडचा दोष जाहीर झाला तेव्हा ओपनएसएसएल वापरणाऱ्या असंख्य सर्व्हरांच्या मेमरीतून की वाचता येत होती, आणि ती कुणी वाचली का, याचा मागमूसही राहत नव्हता. काहींनी घाईघाईने सर्टिफिकेट बदललं पण की जुनीच ठेवली, म्हणजे केलेलं काम वाया गेलं.

अशा वेळी सर्टिफिकेट रद्द करायचं, असं पुस्तकी उत्तर आहे. व्यवहारात ते लंगडं पडतं. सर्टिफिकेट अजून चालू आहे का, हे ब्राउझरनं दर वेळी देणाऱ्याला विचारायचं ठरवलं, तर पान उघडायला उशीर होतो, आणि कोण कुठलं संकेतस्थळ पाहतो हेही तिसऱ्याला कळतं. शिवाय उत्तर आलंच नाही तर बहुतेक ब्राउझर सरळ पुढे जातात. म्हणजे ज्याच्या हातात वाट अडवायची ताकद आहे, त्याच्यापुढे ही तपासणी निरुपयोगी. लेट्स एन्क्रिप्टनं 2025मध्ये अशा विचारणेला उत्तर देणारी सेवाच थांबवली. रद्द झाल्याची बातमी पोहोचेलच याचा भरवसा नसेल, तर चोरीला गेलेल्या कीचं आयुष्य आवळायला हमखास लागू पडणारी गोष्ट उरते ती सर्टिफिकेटवरची शेवटची तारीख.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की मुदत जितकी कमी, तितक्या वेळा संकेतस्थळ बंद पडण्याची भीती. फेब्रुवारी 2020मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद पडलं, ते एका सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळे. एवढ्या मोठ्या कंपनीला जमलं नाही, तर तालुक्याच्या पतसंस्थेला कसं जमावं? पण हाच दाखला मी उलट बाजूने वाचतो. वर्षातून एकदा करायचं काम माणूस विसरतो, ते करणारा नोकरी सोडून जातो. दोन महिन्यांनी एकदा येणारं काम हाताने करणं परवडत नाही, म्हणून ते यंत्राकडे सोपवलं जातं, आणि यंत्रातली चूक लवकर वर येते. सर्टबॉट दिवसातून दोनदा मुदत पाहतो आणि साधारण महिना उरला की रिन्यू करतो. म्हणजे काही बिघडलंच, तर दुरुस्तीला महिना हाताशी असतो.

बिघडतं मात्र नक्की, आणि तेही आवाज न करता. नेहमीचा प्रकार असा: नवं सर्टिफिकेट डिस्कवर आलेलं असतं, सर्टबॉटची यादी नवी तारीख दाखवते, लॉगमध्ये एकही चूक नसते, पण एनजिनएक्स या वेब सर्व्हरनं सुरू होताना मेमरीत घेतलेलं जुनंच सर्टिफिकेट तो देत राहतो, कारण रिन्यू झाल्यावर त्याला रीलोड करणारा हुक कुणी लिहिलेलाच नसतो. ड्राय-रनमध्येही हे सापडत नाही, कारण त्या तालमीत एरवी हा हुक चालवलाच जात नाही. दुसरीकडे, सुरक्षा वाढवायची म्हणून कुणीतरी फायरवॉलवर पोर्ट 80 बंद करतं, आणि पडताळणी त्याच पोर्टवर सुरू होत असल्यानं रिन्यूअल तिथेच अडकतं. तिसरा प्रकार मधल्या सर्टिफिकेटसकटच्या फुलचेन फायलीऐवजी नुसतं आपलं सर्टिफिकेट लावण्याचा: मधलं सर्टिफिकेट डेस्कटॉपवरचा ब्राउझर स्वतःच मिळवतो, म्हणून सगळं ठीक दिसतं, आणि मोबाइल ॲप मात्र जोडणी नाकारतं.

आमच्या संकेतस्थळावर गुपित असं काय आहे, हा प्रश्नही वारंवार येतो. साध्या एचटीटीपीवरून जाणारं पान वाटेतला कुणीही नुसतं वाचत नाही, बदलूही शकतो. शाळेच्या सूचनेत परक्याची लिंक घुसवायला पासवर्ड चोरावा लागत नाही. फसव्या संकेतस्थळांनाही सर्टिफिकेट मिळतं, हे मात्र खरं आहे. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, अशी हमी त्यात कधी नव्हतीच. तशी हमी असल्याचा भास करून देणारं पत्त्याशेजारचं कुलूप क्रोमनं 2023मध्ये काढलं ते योग्यच केलं.

ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणारे यांच्या संघटनेनं आता कमाल मुदतच उतरवत नेली आहे: 15 मार्च 2026पासून 200 दिवस, मार्च 2027पासून 100, आणि मार्च 2029पासून 47. जुने राउटर, रुग्णालयातली उपकरणं, जिथे सर्टिफिकेट हातानेच चढवावं लागतं, तिथे हे जड जाणार आणि ती तक्रार रास्त आहे. त्यांच्यापुढे आपोआप रिन्यू होणारा रिव्हर्स प्रॉक्सी उभा करावा, हाच उपाय मला दिसतो. बाकीच्यांनी आठवणीच्या ईमेलवर विसंबू नये. लेट्स एन्क्रिप्टनं जून 2025पासून त्या पाठवणं बंद केलं आहे. तारीख तपासायची ती दुसऱ्या यंत्रावरून, थेट 443 पोर्टला जोडून, सर्व्हर त्या घटकेला देत असलेल्या सर्टिफिकेटवरची. आणि वीस दिवसांहून कमी उरले, तर तो निरोप एकाच माणसाला न जाता निदान दोघांच्या फोनवर जायला हवा.