दाराची कडी

शनिवारवाड्यांत ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यांच्या आक्रोशाची कथा पुणेकर अद्यापि सांगतात. पण त्या घोर कृत्यानें राज्याचें दैव फिरलें. सामान्य गृहस्थाच्या दाराची कडी कांहीं बदलली नाहीं. ती बदलली १९७६-७७ सालीं.

जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणांत जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या अवधींत दहा जीव गेले. मी तेव्हां शाळकरी मुलगा होतों. तोंपर्यंत आमचें दार रात्रीं निजेपर्यंत उघडें असे. कोणीहि वाटसरू ओसरीवर येऊन पाणी मागे. त्या हिवाळ्यांत मात्र सायंकाळ होतांच रस्ते ओस पडूं लागले. आमच्या दारास साखळी आली. एके रात्रीं कडी वाजली. वडिलांनीं तीनदां 'कोण?' म्हणून विचारलें. आवाज धाकट्या काकांचाच होता. तरीहि आईनें वडिलांचा हात धरला. सख्खा दीर थंडींत बाहेर तिष्ठत राहिला!

अपराधी कलाशाळेंतील विद्यार्थी निघाले. शिक्षक या नात्यानें तें मला अधिक बोंचतें. नोव्हेंबर १९८३ मध्यें चौघांस येरवड्यास फांशीं दिलें. न्याय झाला, साखळी मात्र निघाली नाहीं. दंड अपराध्यास होतो, प्रायश्चित्त नगर घेत राहतें.

आजहि कडी वाजली कीं मी प्रथम 'कोण?' असेंच विचारतों. नातवास वाटतें, ही रीतच आहे. त्यास सांगावेंसें वाटतें, "बाळ, पूर्वीं आम्ही 'या' म्हणत असूं."